रिकाम्या काचेवरचा डोळा

हे मी आजवर तोंडातून बाहेर पडू दिलेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही, माझ्या पीएच.डी.च्या सरांना अर्धंच माहीत आहे, आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं ती हिरामावशी — तिला तर यातलं अक्षरही माहीत नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाकडे बघून हे बोलायला गेलं की माझी जीभ भलतंच काहीतरी बोलायला लागते. कॉलेजच्या परीक्षा, पालघरचे रस्ते, घरातलं गळकं छत — विषय बदलण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मी पालघरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. मूळची तारापूरकडची, समुद्राकाठच्या मच्छीमारांच्या आळीतली. आई मी लहान असतानाच गेली. वडील बोटीवर असायचे, घरी आले तरी निम्मे झोपलेले. मला वाढवलं आईच्या बहिणीनं, हिरामावशीनं. तिचा नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही. ओहोटी लागली की ती खाडीच्या तोंडाशी खडकांवर जायची, लहानशा हातोडीनं कालवं फोडायची आणि दुसऱ्या दिवशी बोईसरच्या बाजारात नेऊन विकायची. माझी शाळा, बोईसरचं ज्युनियर कॉलेज, त्यापुढचं सगळं शिक्षण त्या कालवांवर झालं. कालवाच्या शिंपल्याची धार फार वाईट असते. मावशीच्या बोटांवर इतके जुने चिरे आहेत की आधार कार्ड काढायला गेलो तेव्हा मशीनला तिचे ठसेच सापडेनात. केवढी हसली होती ती. म्हणाली, "मी हायच नाय म्हंते ही मशीन."

आणि मंजुळामावशी. ती शेजारची, नात्याची नव्हे. दोघी एकाच आळीत वाढल्या, त्याच आळीत नांदल्या. एक कालवं फोडायची तेव्हा दुसरी टोपली धरायची. भांडणंही रोजची — मंजुळामावशीची जीभ तिखट, माझ्या मावशीचा स्वभाव हट्टी. पण ओहोटीची वेळ झाली की मंजुळामावशी आमच्या दारात येऊन नुसती टोपली आपटायची. हाक मारायची नाही. टोपलीचा आवाज आला की मावशी उठायची. माझं सगळं लहानपण त्या आवाजानं भरलेलं आहे.

तो आवाज माझ्यामुळे बंद झाला. हे मी आत्ता सांगून टाकते, नाहीतर पुढे सरकताना पुन्हा वाट चुकेन.

माझं काम काय होतं तेही सांगायला हवं. पालघरलाच पीएच.डी. करत असताना सर आणि मी एक सूक्ष्मदर्शक बनवत होतो, घोस्ट इमेजिंग म्हणतात त्या पद्धतीचा. हे नाव मावशीला सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला होता. "भुतांचे फोटो काडायला एवडी शिकलीस?" पुढे कितीतरी दिवस आळीत माझी ओळख 'भुतं बगणारी पोर' अशीच होती. मंजुळामावशी तर मी दिसले की पदर डोक्यावर घेऊन घाबरल्याचं सोंग करायची.

भुताचं काही नसतं त्यात. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात उजेड वस्तूतून निघून थेट आपल्या डोळ्यात नाहीतर कॅमेऱ्यात येतो. आमच्यात वस्तूकडे बघणारा कॅमेराच नसतो. वस्तूवर आम्ही उजेडाची बारीक नक्षी पाडतो, एकीमागून एक, हजारो. प्रत्येक नक्षी वेगळी, आणि ती कशी आहे हे संगणकाला ठाऊक. वस्तूच्या पलीकडे एक प्रकाशमापक. तो आंधळा. त्याला आकार दिसत नाही, या खेपेला किती उजेड पोचला एवढंच कळतं. मग कुठल्या नक्षीला किती उजेड आला, याचा मेळ घालत घालत चित्र उभं राहतं. खाडीच्या चिखलात बायका पायानं शिवल्या, म्हणजे बारके शिंपले, शोधतात तसं — दिसत काहीच नाही, पायाला लागलं की नाही तेवढंच कळतं, पण पुष्कळ चाचपून झालं की कुठे किती आहेत ते डोक्यात पक्कं बसतं. मावशीला मी असंच समजावलं होतं. तिला पटलंही होतं.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण यात उजेड फार थोडा लागतो. प्रखर दिव्याखाली जिवंत गोष्टी आक्रसतात, तापतात, मरतात. आम्हाला त्या जिवंत असतानाच, मंद उजेडात, बारीकसारीक तपशिलांसकट बघायच्या होत्या. मी कालवांची पिल्लं निवडली. दुसरं काय निवडणार होते? कालवाचं पिल्लू आधी पाण्यात तरंगत फिरतं, रवाळ वाळूच्या कणाएवढं. खडकावर बसायची वेळ जवळ आली की त्याच्या अंगात एक काळा ठिपका उमटतो. त्याला डोळा म्हणतात. डोळा दिसला की समजायचं, हे आता जागा शोधतंय, लवकरच कुठेतरी चिकटेल आणि जन्मभर तिथेच राहील. तो डोळा स्वच्छ दिसायला हवा, हा माझा ध्यास होता.

पण नक्षी जितकी बारीक करावी तितका प्रत्येक खेपेचा फरक इवलासा होत जातो, आणि शेवटी मोजमापातल्या गोंगाटातच बुडतो. त्यात पिल्लं हलणार. महिनोन् महिने माझ्या पडद्यावर नुसता राखाडी चिखल येत होता. सर चांगले होते, रागावत नसत, पण हल्ली ते माझ्या खोलीत डोकावणं टाळायला लागले होते. तेव्हा मी एक प्रोग्रॅम लिहिला. त्याला साध्या सूक्ष्मदर्शकातून काढलेली पिल्लांची असंख्य चित्रं दाखवली — पिल्लू कसं दिसतं ते शीक, आणि माझ्या चिखलात जिथे जे अपुरं आहे तिथे ते भरून काढ. असं करतात, त्यात गैर काही नाही. फक्त मी त्याला पिल्लंच दाखवली. नुसतं पाणी कसं दिसतं, तिथे काहीच नसलं तर काय दिसतं, हे त्याला कधी दाखवलंच नाही. एवढी साधी गोष्ट. मला सुचलीच नाही, कारण मला रिकामं पाणी बघायचंच नव्हतं.

त्याच सुमारास आळीतल्या बायकांनी बचत गट काढला होता. खडकांवरची कालवं कमी होत चालली होती. खाडीचं पाणी मधूनच वेगळ्या रंगाचं यायचं, लोक नाकाला पदर लावून आपापल्या कामाला जायचे. कुणीतरी बायकांना शिकवलं की कालवं लावताही येतात. जुन्या शिंपल्यांना भोकं पाडायची, ते दोरीत ओवायचे, बांबूचा मांडव घालून त्या दोऱ्या खाडीत सोडायच्या. पाण्यात पिल्लं असली तर ती त्या शिंपल्यांवर येऊन बसतात. पाण्यात पिल्लं असली तर — सगळं तिथे येऊन अडलं होतं. आपल्या खाडीत सोडायच्या की लांबच्या दुसऱ्या खाडीत? दुसऱ्या खाडीत कालवं होती, ती डोळ्यांना दिसत होती, पण तिथे जायला रिक्षा बदलत बदलत जावं लागणार. मंजुळामावशी म्हणत होती, तिकडेच जाऊ. तिची लेक त्या गावात दिलेली होती, त्यामुळे सगळ्या तिला हसायच्या — लेकीकडे जेवायला मिळेल म्हणून म्हणते. माझी मावशी आपली खाडी सोडायला तयार नव्हती. मग तिला तिची शिकलेली पोर आठवली.

एका सकाळी ती खाडीचं पाणी बाटलीत भरून पालघरला आली. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर धरून. आल्या आल्या बाटली माझ्या हातात दिली आणि मला म्हणाली, "बग काय हाय त्याच्यात. खरं सांग." मी तिला अंधाऱ्या खोलीत स्टुलावर बसवलं. चहा पाजला. पाणी गाळलं, थेंब काचेवर घेतला, यंत्र लावलं.

आमच्या कामात एक रीत आहे. खरा थेंब ठेवण्याआधी रिकामी काच ठेवायची आणि सगळं मोजमाप एकदा तसंच करून घ्यायचं. रिकाम्या काचेवर काही दिसता कामा नये. दिसलं तर समजायचं, यंत्र काहीतरी आपल्या पदरचं घालतंय. ही रीत मला पाठ होती. पण रिकाम्या काचेला तितकाच वेळ लागतो जितका खऱ्या थेंबाला, आणि मावशीला अंधार पडायच्या आत घरी पोचायचं होतं. ती सारखी दाराकडे बघत होती. मी म्हटलं, आज राहू दे. आज मावशी आली आहे.

आणि चित्र आलं! आधी धुरकट, मग कडा, मग शिंपल्याची घडी, मग मधोमध काळा ठिपका. मी किंचाळलेच. सर धावत आले. मावशी स्टुलावरून उठून पडद्याच्या अगदी जवळ गेली, बोट लावू की नको असं करत. "ह्याला डोळा हाय?" म्हणाली. मी म्हटलं, हो, बसायची जागा शोधतंय. तिचे डोळे भरून आले होते. सरांनी त्याच दिवशी ते चित्र मोठं करून छापून दिलं. मावशीनं बोईसरला उतरून त्याला फ्रेम करून घेतली आणि घरी नेऊन देवाच्या फोटोशेजारी लावली. आळीतली सगळी येऊन बघून गेली. त्या दिवशी मी खोटं बोलले नव्हते. तेवढं माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे, आणि ते तिथेच संपतं.

नंतरच्या आठवड्यात सर म्हणाले, आता रिकाम्या काचेचं मोजमाप करून टाक, म्हणजे हे चित्र प्रबंधात घालता येईल. मी काच स्वच्छ पुसली. ठेवली. यंत्र लावून डबा खायला गेले. परत येऊन बघते तर पडद्यावर पिल्लू. हुबेहूब तेच नाही — त्याचं भावंड म्हणा हवं तर. शिंपल्याची घडी होती. काळा ठिपका होता. पुसलेल्या काचेवर, जिथे काहीही नव्हतं तिथे, एक डोळा उमटून माझ्याकडे बघत होता.

मी काच पुन्हा पुसली. पुन्हा लावली. पुन्हा पिल्लू. मग काचच काढून टाकली. तरी पिल्लू आलं. तुम्ही कधी स्वतःच्याच आवाजाला दुसऱ्या कुणाचा समजून ओ दिली आहे का? मला तसं झालं. मी शिकवलेलंच यंत्र मला परत ऐकवत होतं. त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

बाटलीतलं थोडं पाणी उरलं होतं. ते घेऊन मी खालच्या मजल्यावर गेले, प्राणीशास्त्राच्या प्रयोगशाळेत. तिथे पोरं झुरळाचे पाय बघतात तो साधा, जुना सूक्ष्मदर्शक आहे. एकामागून एक थेंब बघितले. गाळ होता, शेवाळाचे धागे होते, बाकी काही नव्हतं. किती सोपं होतं हे! मावशी आली त्या दिवशी तिला एक जिना उतरून खाली नेलं असतं, तर चहा पिऊन होण्याआधी खरं कळलं असतं. तिला माझं यंत्र नको होतं. तिला फक्त पिल्लं आहेत का, एवढंच हवं होतं. यंत्र मला हवं होतं.

एका बाटलीवरून अख्खी खाडी ठरत नाही, असं मी जिना चढताना स्वतःला सांगितलं. खरंच आहे ते. एका बाटलीत नव्हती म्हणजे खाडीत नव्हतीच असं नाही. पण पिल्लं आहेत असं म्हणताना एका बाटलीवरूनच खाडी ठरली होती ना? तेव्हा नव्हता मला हा नियम आठवला.

रविवारी मी गावाला गेले. सांगायलाच गेले होते, खरंच. रिक्षात मनाशी वाक्यं जुळवत होते. मावशी, यंत्र चुकलं. मावशी, जरा थांब, अजून पाणी तपासू. एवढंच तर बोलायचं होतं. वळणावर समुद्र दिसला, पलीकडे वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या, आणि मी ती वाक्यं पुन्हा पहिल्यापासून जुळवायला घेतली.

आळीत शिरले तर बोंबील सुकवायच्या वलांडीखाली सावलीत सगळ्या बायका बसलेल्या. शिंपल्यांचा ढीग मधे. कुणी खिळ्यानं भोकं पाडतंय, कुणी दोरीत ओवतंय, कुणी गाठी मारतंय. बांबू येऊन पडले होते. माझी मावशी मधोमध. इतकी आनंदी मी तिला कधी पाहिलीच नव्हती. आणि तिच्या मागे, वलांडीच्या खांबाला टांगलेली ती फ्रेम. घरातून काढून आणली होती तिनं, मंजुळामावशीला दाखवायला.

मंजुळामावशी दोरीला गाठ मारत होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "आली बगा भुतं बगणारी." सगळ्या हसल्या. मीही हसले. मग ती म्हणाली, "पोरी, मस्करी रावू दे. आमी ह्या पाण्यात सगळा हंगाम घालवणार. तू सवता बगितलंस? का मशिनीनं सांगितलं तुला?"

बघा, तिनं किती नेमकं विचारलं होतं. तिला कसलीही माहिती नव्हती, नुसता संशय होता, आणि लेकीच्या गावी जायची ओढही होती. पण प्रश्न बरोबर होता. मावशीची ओवणारी सुई थांबली. ती माझ्याकडे बघून हसत होती. "सांग गो तिला," म्हणाली. "नक्की हाय ना?"

तिथे मी गप्प बसू शकले असते. पाणी प्यायला घरात जाऊ शकले असते. मी तेवढंही केलं नाही. मी मंजुळामावशीच्या नजरेला नजर दिली आणि म्हणाले, "आहेत. मी स्वतः पाहिलीत. डोळा आलेली."

का? मी आजही विचारते स्वतःला. मावशीचा चेहरा उतरलेला बघवणार नाही म्हणून, असं मी पुष्कळ वर्षं मानत आले. ते ऐकायला बरं वाटतं. पण खरं कारण त्याहून फार लहान आहे. मंजुळामावशीनं सगळ्यांसमोर मला 'भुतं बगणारी' म्हटलं होतं, आणि सगळ्या हसल्या होत्या. बस. एवढंच.

त्यांनी मांडव आमच्या खाडीत घातला. हंगाम गेला. दोऱ्या वर काढल्या तेव्हा मी तिथे नव्हते, मुद्दाम नव्हते. शिंपल्यांवर गाळ होता आणि शेवाळ होतं. कालव एकही बसलेलं नव्हतं. मावशी म्हणाली, उशीर झाला असेल, पुढच्या हंगामात बसतील, माझ्या पोरीनं डोळ्यानं बगितलंय. निम्म्या बायका सोडून गेल्या. पुढच्या हंगामात पुन्हा तेच झालं. गट मोडला. ज्यांना घर चालवायचं होतं त्या बोईसरच्या कंपन्यांमध्ये पॅकिंगच्या कामाला लागल्या. कुणी सरावलीला खोली घेतली, कुणी सालवडला. मंजुळामावशी सालवडला गेली.

जायच्या आधी ती आमच्या दारात आली होती. हे मला मावशीनंच सांगितलं. त्या दिवशी टोपली नव्हती तिच्या हातात. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "हिरा, तुजी पोर खोटं बोलली. तिच्या तोंडावर दिसत होतं, मी तवाच बगितलं." आणि मावशीनं — जिनं जन्मात कधी कुणाला दारातून घालवलं नव्हतं — तिला सांगितलं, "मला बोल काय ते. पोरीला खोटी म्हंतेस? पयली माफी माग, नायतर परत माज्या दारात येवू नको."

ती आली नाही. मावशी एकटी ओहोटीला जायला लागली. टोपली स्वतःच धरायची, स्वतःच फोडायची. एकदा मी सुट्टीत गेले होते तेव्हा ओहोटीच्या वेळी ती ओट्यावर बसून होती. पाणी उतरून गेलं तरी उठेना. मी विचारलं, जायचं नाही का आज? ती दचकली. म्हणाली, आवाज नाय आला. आणि मग स्वतःच्या बोलण्यावर हसली. मी आत जाऊन भांडी घासायला घेतली.

आता सगळ्यात वाईट सांगते. तुम्हाला वाटेल ते आधीच सांगून झालं. नाही.

ते चित्र मी प्रबंधात घातलं नाही. सरांना जाऊन सांगितलं की प्रोग्रॅममध्ये दोष आहे, रिकाम्या काचेवरही पिल्लू येतंय. सर मुळीच रागावले नाहीत, उलट खूष झाले, प्रामाणिकपणा म्हणाले. मी पुन्हा सगळं केलं, प्रोग्रॅमला रिकामं पाणीही शिकवलं, पिल्लांची नीट पैदास होते तिथून पिल्लं आणवली, आणि खरी चित्रं काढली. पहिल्याइतकी सुंदर नव्हती, पण खरी होती. डिग्री मिळाली. ती डिग्री स्वच्छ आहे, तीत एकही डाग नाही. परीक्षकांशी खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही. मावशीशी झाली. परीक्षकांना मी ओळखतही नव्हते.

आणि आता मी शिकवते. प्रयोगाच्या पहिल्या तासाला पोरांना दुसरं काही करूच देत नाही — आधी रिकामी काच. काही नसताना काय दिसतं ते बघा, मग असलेलं बघा. पोरं माझ्या पाठीमागे मला 'रिकामी काच मॅडम' म्हणतात. मला कळतं, मी ऐकलं नाही असं दाखवते. एका मुलीनं कंटाळून विचारलं होतं, मॅडम, एवढं काय बिघडतं एकदा नाही केलं तर? मी तिला मोजमापातल्या चुकांवर पाच मिनिटं व्याख्यान दिलं.

मंजुळामावशी यंदा वारली. सालवडहून निरोप आला तेव्हा मी योगायोगानं गावीच होते. मावशीला सांगितलं. ती उठली, साडी बदलली, केस बांधले. मी नाक्यावरून रिक्षा आणून दारात उभी केली. मावशी उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच बसली. बराच वेळ बसली. रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. मावशी म्हणाली, "तिनं तुला खोटी म्हटलं गो. मी तिला बोलले होते, पयली माफी माग. तिनं नाय मागितली. आता मी कशी जाऊ?"

मी उभी होते तिथे. तिच्यापासून हातभर अंतरावर. ती खरं बोलली होती, मावशी. चल, उशीर होतोय. एवढ्या शब्दांत ती उठली असती. माझ्यावर रागावली असती, मला मारलं असतं, पण उठली असती आणि जन्माच्या मैत्रिणीचं तोंड शेवटचं बघून आली असती. मी रिक्षावाल्याला परत पाठवलं. मग मावशीला पाणी आणून दिलं. तिनं ते घेतलं, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला — माझं सांत्वन करत होती ती! मंजुळानं मला नावं ठेवल्याचं मी अजून मनावर घेतलंय, असं तिला वाटलं.

मावशीची नजर आता जवळजवळ गेली आहे. साखरेचा आजार, डॉक्टर म्हणाले, गेलंय ते परत येणार नाही. तिला उजेड कळतो, माणूस आलं-गेलं कळतं, चेहरा कळत नाही. खडकावर जाणं बंद झालंय. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. दुपारची जेवणं झाली होती. ती म्हणाली, तो फोटो काढ. कुठला, म्हणून विचारायची गरज नव्हती. मी देवाशेजारची फ्रेम खिळ्यावरून काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. तिनं पदरानं काच पुसली, मग तिच्यावरून बोटं फिरवली, ती ठसे नसलेली बोटं.

"डोळा कुटं हाय ह्याचा?" म्हणाली.

मी तिचं बोट धरलं आणि त्या काळ्या ठिपक्यावर टेकवलं. इथे, म्हणाले. ती तिथे बोट ठेवून बसली. बाहेर कुणाचा तरी रेडिओ चालू होता.

"मंजुळानं कदी असं जवळून बगितलंच नाय," ती म्हणाली. "नीट बगितलं असतं तर तशी बोलली नसती. हो ना गो?"

"हो मावशी," मी म्हणाले. "नसती बोलली."

मग फ्रेम तिच्या हातातून घेतली आणि परत खिळ्याला अडकवली.